गलोर, बंदूक आणि औषधाची बाटली

पेठ तालुका आणि पाखरांचे स्थलांतर यांचा संबंध काय, असे हा विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी आम्हांला विचारले. प्रश्न रास्त आहे. परदेशी पाखरे पाहायची तर नाशिककर पूर्वेला जातात. निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर. सावळघाट ओलांडून पश्चिमेस पेठकडे दुर्बीण घेऊन जाणारा विरळा. तिथे पाणपक्ष्यांनी यावे असे प्रसिद्ध तळे नाही. दमणगंगा आणि पार या नद्या पावसाळ्यात धो धो वाहून गुजरातेत उतरतात आणि वैशाखात डोहांपुरत्या उरतात. विचारणाऱ्यांच्या मनात दुसरीही एक शंका होती, ती सभ्यपणामुळे त्यांनी बोलून दाखवली नाही इतकेच. मजुरांची संघटना बांधणाऱ्याने मजुरीचे दर सांगावेत, पाखरांची उठाठेव त्याला कशाला?

संबंध असा आहे. पेठ, सुरगाणा, हरसूल या डोंगरपट्ट्यातली माणसे भात-नागली खळ्यातून घरात आली की घाट ओलांडून पूर्वेला चालू लागतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी, घडांची तोडणी अशी कामे उक्ती घेतात, बांधावर पाले टाकतात आणि शिमग्याच्या सुमारास परत फिरतात. याला त्या मुलखात 'जगायला जाणे' म्हणतात. स्थलांतर या जड शब्दापेक्षा हा शब्द आम्हांला अधिक खरा वाटतो. आता पाखरांचे वेळापत्रक पाहा. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब ही सारी मंडळी हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सैबेरियातून येतात ती ऑक्टोबरच्या आसपास, आणि मार्च उजाडला की परततात. तीही जगायलाच येतात. त्यांच्या मुलखात तळी गोठतात, किडा-दाणा बर्फाखाली जातो. गोदावरीच्या त्या काठावर, दोन-चार कोसांच्या अंतराने, अशी दोन बिऱ्हाडे सहा महिने नांदतात. एकाची मोजणी वनखाते करते, दुसऱ्याची कोणी करत नाही.

या दुसऱ्या बिऱ्हाडाबरोबर आम्ही तीस वर्षे वावरलो. आमचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत, रात्री, मिळेल ते. पालांवर एक नियम आम्ही पहिल्याच हंगामात शिकलो. बागेतली पाण्याची मोटार चोरीला गेली, गावात कसली साथ आली, की पहिली चौकशी पालांवर होते. बाहेरून आलेल्यावर संशय घेणे स्वस्त असते. पुढे पाखरांविषयी वाचू लागलो तेव्हा तोच नियम तिथेही आढळला, आणि मग हा इतिहास आम्हांला परका वाटेनासा झाला.

पाखरे दूरदेशी जातात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक असावे असे आपण समजतो. तसे नाही. ती येतात आणि नाहीशी होतात एवढेच ठाऊक होते. आपल्या शेतकऱ्याला पावशा कधी ओरडतो, चातक कधी दिसतो, परीट नावाची शेपटी हलवणारी चिमणीएवढी पाखरे पाऊस ओसरताच ओढ्याकाठी कशी हजर होतात, हे तिथीनिशी सांगता येई. पण ती कुठून आली हे सांगता येत नसे. युरोपातल्या विद्वानांची स्थिती याहून बरी नव्हती. पाकोळ्या थंडीत कपारींत दडून बसतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, आणि तळ्याच्या चिखलात त्या झोपून राहतात हे मत तर पुढे शेकडो वर्षे चालले. त्याला धक्का दिला तो एका बाणाने. १८२२ साली जर्मनीत मेक्लेनबुर्ग प्रांतातील क्ल्युट्स गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत हातभर लांबीचा लाकडी बाण आरपार रुतलेला होता, आणि बाणाची घडण होती मध्य आफ्रिकेतली. आफ्रिकेतल्या कोणा शिकाऱ्याचा नेम थोडा चुकला, पाखरू तो बाण घेऊनच उडाले आणि समुद्र ओलांडून आपल्या घरट्याच्या गावी पोचले. पेंढा भरलेला तो करकोचा रॉस्टॉकच्या विद्यापीठात ठेवलेला आहे. पाखरे कोठे जातात याची पहिली लेखी साक्ष अशी एका अनामिक गरीब शिकाऱ्याच्या हातची होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण पुढे सगळा दोष त्याच्याच माथी आलेला आहे.

बाणाची जागा नंतर कड्याने घेतली. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने साळुंक्यांच्या जातीच्या पाखरांच्या पायांत ॲल्युमिनियमची, अंक कोरलेली कडी घातली. आपल्याकडे १९२६ च्या सुमारास धारच्या महाराजांनी बदकांना कडी घातली. त्यांवर महाराजांना कळवावे अशी सूचना कोरलेली असे. पण हे काम पद्धतशीर सुरू झाले ते १९५९ नंतर, आणि त्याचे कारण ऐकण्याजोगे आहे. १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे. गोचिडीतून येणारा तो ताप रशियातल्या एका तापासारखा होता. तेव्हा सैबेरियातून येणाऱ्या पाखरांनीच गोचिड्यांबरोबर रोग आणला असावा, असा संशय निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने तपासासाठी मदत दिली आणि सालिम अली यांच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पाखरे धरून, कडी घालून सोडली. पुढे या कामात अमेरिकी लष्कराचाही पैसा आल्याचे उघड झाले आणि १९७४-७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने त्याची झडती घेतली, ती कथा निराळी. पाखरांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. रोग इथल्याच जंगलातला होता. मात्र आपल्या देशात उतरणारी बदके आणि इतर पाखरे कोणत्या मुलखातून येतात याची खात्रीची माहिती आपल्याला या फुकटच्या संशयामुळे मिळाली.

आपल्याच भागातले उदाहरण याहून ताजे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला; भारतातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. रोग आला कसा? तोंडी पहिले नाव आले स्थलांतरित पाखरांचे. रानपाखरे हा रोग वाहू शकतात, हे जगात अन्यत्र दिसून आले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पिले, खाद्य, खत आणि मजूर घेऊन मालमोटारी रात्रंदिवस ये-जा करतात त्या धंद्याची झडती आधी आणि आकाशाची नंतर, असा क्रम असायला हवा होता. उडून जाणाऱ्याचे नाव घेतल्यावर पुढे कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

आता पाखरे उणावली कशाने, या मुख्य प्रश्नाकडे येऊ. पेठच्या बाबतीत याचे तयार उत्तर आहे: गलोर. आदिवासी पोरांच्या गळ्यात गलोर असते, ती दिसेल ते पाखरू पाडतात, म्हणून जंगल मुके झाले. वनखात्याने या पट्ट्यात गलोरी जमा करून घेण्याची मोहीमही चालवली आणि पोरांनी त्या आणून दिल्या, ही चांगली गोष्ट झाली. गलोर निष्पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. होला, बुलबुल, लावा तिने पडतात; विणीच्या दिवसांत पडतात तेव्हा घरट्यातली पिलेही जातात. परंतु इतिहासाच्या तराजूत गलोर एका पारड्यात टाकली तर दुसऱ्या पारड्यात काय काय आहे, तेही पाहिले पाहिजे.

पेठ हे एके काळी छोटेसे संस्थान होते. १८७८ मध्ये तिथल्या बेगमसाहेबांच्या मृत्यूनंतर ते इंग्रजी मुलखात सामील झाले. हिंदुस्थानचा वनकायदाही १८७८ चाच. संस्थान आणि जंगल एकाच साली सरकारजमा झाले असे म्हटले तरी चालेल. सागावर सरकारी शिक्का बसला आणि रानात फिरणारा स्वतःच्या रानात गुन्हेगार ठरला. त्याच सुमारास शेजारच्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचे मुलकी अंमलदार पाखरे गोळा करत होते. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांवरचा त्यांचा लेख १८८२ मध्ये छापून आला. माणूस मोठा चिकाटीचा. रानपिंगळा नावाच्या घुबडाचे नमुने त्यांनी १८८० च्या दशकात मिळवले आणि त्यानंतर शंभरावर वर्षे ते पाखरू कोणाला सापडले नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले. पण ही सारी विद्या बंदुकीच्या नळीतून आलेली होती, हे विसरता कामा नये. पाखरू पाडल्याशिवाय ओळखायचे नाही अशी त्या काळची रीत. शिवाय नोंद व्हायची ती दुर्मिळाची. गिधाडे मोजून ठेवावीत असे कोणाच्या मनातही आले नाही. ढोर मेले की ती येत, जसे उन्हाळ्यानंतर पाऊस येतो.

शौकाची बंदूक तर आणखी पुढची. नांदूरमध्यमेश्वरला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा मूळ भरतपूरची हकीकत आपल्याला माहीत असावी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथे एका दिवसात ४,२७३ पाखरे पाडली गेली. हा आकडा कोणा विरोधकाने काढलेला नाही. तळ्याकाठी दगडावर अभिमानाने कोरलेला आहे. पाखरांच्या रक्षणाचे कायदे त्याआधी, १८८७ आणि १९१२ साली झाले होते, आणि ते कोणावर चालत हे सांगायला नको. पेठच्या पोराने एका दिवसात दोन होले पाडले असे धरले, तर लिनलिथगोसाहेबांचा तो एक दिवस भरून काढायला त्याला रोज न चुकता जवळजवळ सहा वर्षे गलोर चालवावी लागेल.

भरतपूरची दुसरी हकीकत शिकारबंदीनंतरची आहे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे म्हशी चारायला एकाएकी बंदी घातली गेली. शतकानुशतके चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. म्हशींनी पाणथळ बिघडते असे तज्ज्ञांचे मत होते. मग बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेच वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला तो उलटा: म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या, त्या गेल्यावर गवताने तळी भरली आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. ज्ञानी माणसांनी आपलाच निष्कर्ष खोडून काढणारा अभ्यास छापला, याबद्दल त्यांचा आदर वाटतो. मेलेल्यांच्या घरी तो कोणी वाचून दाखवला का, असाही प्रश्न मनात येतो. भरतपूरचा सैबेरियन क्रौंच म्हणाल, तर तो वाटेतल्या देशांत मारला जात होता. शेवटचे जोडपे २००१-०२ च्या हिवाळ्यात आले, नंतर आले नाही.

आता आपल्या नांदूरमध्यमेश्वरकडे वळू. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९११ च्या सुमारास हा बंधारा झाला. पाटाला पाणी द्यावे म्हणून बांधला. पाखरांसाठी कोणी एक दगडही लावला नव्हता. पण वर डोंगर उघडे पडले, शेतातली माती नदीत आली, आणि बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला. पाणी उथळ झाले, गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर लव्हाळे आणि पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या वहीत जे नुकसान, ते बदकांचे ताट झाले. पाय टेकेल इतके पाणी, चोचीला लागेल असा चिखल, आणि भोवती काढणीनंतरची शेते. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत त्याचे नाव गेले. महाराष्ट्रातले ते पहिले. तिथे अडीचशेच्या घरात जातींची नोंद आहे.

उथळपणाच इथला जीव आहे, म्हणून धोकाही तिथूनच येतो. नाशिक शहराचे सांडपाणी आणि उसा-द्राक्षांच्या शेतातली खते गोदावरीतून याच थाळीत उतरतात. पाणी सुपीक होते आणि पानवेली पसरते. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडले की ते या बंधाऱ्यावरूनच जाते. चार दिवसांत पातळी चढली की चिखलावर चरणाऱ्या पाणटिवळ्यांचे खाणे पाण्याखाली जाते, उतरली की दुसऱ्या कोणाचे जाते. मराठवाड्याला पाणी मिळाले पाहिजे, याविषयी आमच्या मनात किंतु नाही. पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात ऑक्टोबर ते मार्चच्या या पाहुण्यांचा विचार होऊ शकतो की नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तो पाटबंधाऱ्याच्या कचेरीत विचारण्याचा आहे. गलोरवाल्या पोराला नव्हे.

मात्र सर्वांत मोठी घट ज्या पाखराची झाली ते ना बदक, ना क्रौंच. गिधाड. पांढऱ्या पाठीचे गिधाड १९८० च्या दशकात जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत अधिक संख्येचे मानले जात होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात त्यांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातले एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या जवळ. खेड्यांतली म्हातारी माणसे म्हणत, गिधाडे दुसऱ्या मुलखात गेली. जगायला गेलेला माणूस परत येतो, तशी तीही परततील, असा त्यात विश्वास होता. ती कुठे गेली नव्हती. झाडाखाली माना टाकून मरत होती.

कारण सापडले २००४ मध्ये, पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासताना. ढोरांच्या दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. बैल लंगडतो, सुजतो, शेतकरी सुई देतो, बैलाला आराम पडतो. पण सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत ढोर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि काळजा-यकृतावर पांढरा थर चढून ती मरतात. शंभरांतल्या एखाद्याच ढोराच्या अंगात हे औषध घातक प्रमाणात असले तरी एवढी हानी होण्यास पुरे, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. कारण एका ढोरावर पन्नास-साठ गिधाडे जेवतात. यात शेतकऱ्याचा दुष्टावा कुठे आहे? बैलाच्या वेदना त्याला पाहवल्या नाहीत. दोष असेल तर तो, बाजारात औषध आणण्याआधी ते पुढे कोणाच्या पोटात जाईल हे पाहण्याची सक्ती नसलेल्या व्यवस्थेचा.

पुढची हकीकत कायद्याच्या लांबलेल्या वाटेची आहे. २००६ मध्ये ढोरांसाठी या औषधावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना वापरल्या जाऊ लागल्या; त्या ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ उजाडले. त्याच जातीची दुसरी दोन औषधे, ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन, बंद झाली २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम नावाचे निर्धोक औषध बाजारात असताना हे घडले. दरम्यान मेलेली ढोरे उघड्यावर कुजली, कुत्री वाढली, पाणी नासले. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. अंदाज म्हणजे अंदाज. थोडा उणा-अधिक धरावा. तरीही गावाबाहेर ढोर टाकायच्या जागेवर फुकट राबणारा हा सफाई कामगार किती रुपयांचे काम करत होता, हे तो गेल्यावर कळले. ही ओळख आम्हांला नवीन नाही. सफाई कामगारांचा संप झाला की तिसऱ्या दिवशी शहराला त्यांची नावे आठवतात.

हरसूल पूर्वी पेठ तालुक्यातच होते, आता त्र्यंबकेश्वरात आहे. तिकडे खोरीपाडा येथे गिधाडांसाठी खानावळ आहे. ज्याला असले औषध दिलेले नाही असे मेलेले ढोर वनखाते आणि गावकरी ठरावीक जागी आणून टाकतात आणि गिधाडे निर्धास्त जेवतात. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे टिकून आहेत, आणि २०१७ पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. ज्यांच्या पोरांच्या गलोरीने जंगल मुके झाले म्हणतात, त्याच पाड्यांच्या मदतीने हे चालले आहे.

पाड्यातले माणूस पाखरांचा वैरी ठरवले गेले आणि त्यानेच पाखरे राखली, याचे याहून ठळक उदाहरण नागालँडात आहे, आणि त्याचा आपल्या आकाशाशी संबंध आहे. अमूर ससाणा नावाचा पारव्याएवढा शिकारी पक्षी सैबेरिया-चीनमधून निघून दक्षिण आफ्रिकेला जातो. वाटेत नागालँडात दोयांग जलाशयाकाठी तो लाखोंनी उतरतो. नंतर महाराष्ट्रावरून पुढे जाऊन अरबी समुद्र न थांबता पार करतो. २०१२ च्या हंगामात पांगती गावाजवळ लाखाहून अधिक ससाणे जाळ्यांत धरून मारले गेले. जगभर छी थू झाली. ती जाळी मात्र मासे धरायची होती. धरणाने शेते बुडाली, माणसे मासेमारीला लागली, आणि आकाशातून जे उतरले तेही त्यांनी विकले. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गावसभेने बंदी घातली आणि एकही ससाणा मारला गेला नाही. पोलीस बसवून हे झाले नाही. त्या वर्षी पाठीवर यंत्र बांधून सोडलेल्या ससाण्यांपैकी एकाचे नाव पांगती ठेवले, आणि गावाचे नाव घेऊन ते पाखरू आफ्रिकेला जाऊन आले.

राहिला प्रश्न संघटनेचा. पाखरांशी कामगार-संघटनेचा काय संबंध, याचे उत्तर द्राक्षाच्याच मळ्यातून येते. फक्त मळा कॅलिफोर्नियातला. १९६२ मध्ये रेचेल कार्सन या अमेरिकी बाईंनी कीटकनाशकांनी पाखरे कशी मरतात यावर पुस्तक लिहिले आणि गदारोळ झाला. डीडीटी किड्यांतून माशांत, माशांतून गरुड-ससाण्यांत साठत जाते आणि त्यांच्या अंड्यांचे कवच इतके पातळ होते की आई बसली की अंडे फुटते. शास्त्रज्ञ वाद घालत होते तेव्हा तिथल्या द्राक्षमळ्यांतले मजूर, फिलिपिनो आणि मेक्सिकन, हंगामामागे गावोगाव फिरणारे, त्याच फवाऱ्याने आजारी पडत होते. सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांनी डेलानो येथे संप पुकारला; लॅरी इटलियाँग आणि सीझर चावेझ हे त्यांचे पुढारी. पाच वर्षे संप आणि द्राक्षांवर बहिष्कार चालला. जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. त्यांत मजुरीच्या दराबरोबर डीडीटीसारखी औषधे न वापरण्याची कलमे होती. अमेरिकी सरकारने डीडीटी बंद केली ती १९७२ मध्ये. म्हणजे ससाण्याचे अंडे वाचवणारे कलम मजुरांच्या करारनाम्यात सरकारच्या दोन वर्षे आधी लिहिले गेले. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ससाणा नव्हता, आपली पोरे होती. तरीही ते दोघांना लागू पडले.

आमच्या पालांवर आम्ही ही हकीकत अनेकदा सांगितली आहे. दिंडोरी-निफाडकडे जिथे बाजरी-ज्वारीची शेते होती, तिथे माळ्यावर उभे राहून गोफणीने भोरड्या हाकल्या जात. आता तिथे तारांचे मांडव आहेत, घडांवर जाळी आहेत, आणि पानांवर फवारे. ज्वारी गेली तशी दाण्यावर येणाऱ्या भोरड्या आणि भारिटांची पंगत उठली. फवारा आला तसा किड्यांवर जगणाऱ्या परिटांचा घास विषारी झाला. फवारणाऱ्याला तोंडाला फडके मिळाले तर मिळाले. औषधाच्या बाटलीवरची सूचना मारणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत आणि अक्षरात असावी, ही आमची मागणी जुनीच आहे.

मोजदादीबद्दल थोडे सांगून थांबतो. २०२३ मध्ये देशातल्या ९४२ जातींचा एक अहवाल निघाला. सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांनी दिलेल्या ३ कोटी नोंदींवर तो आधारला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या आहेत. गवताळ रानातल्या, पाणथळीतल्या, शिकारी आणि लांबचा प्रवास करणाऱ्या पाखरांची अवस्था अधिक वाईट. या कामाची किंमत मोठी आहे. पण निरीक्षक राहतात शहरात आणि नोंदी होतात सुटीच्या दिवशी. पेठच्या रानात रोज वावरणाऱ्या माणसाची नोंद त्यात क्वचित. मारुती चितमपल्ली वनाधिकारी असून रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे टिपत राहिले, म्हणून मराठीला 'पक्षिकोश' मिळाला. तसेच कोणी आकडेही टिपायला हवेत. नांदूरमध्यमेश्वरला चापडगावची तरुण मुले दुर्बीण घेऊन पाहुण्यांना पाखरे दाखवतात, त्यावर त्यांना चार पैसे मिळतात. हरसूल-पेठकडे तसे अजून नाही.

तिकडची अडचण अशी आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि त्या पिल्लाने स्वतः घरटे बांधायला साधारण पाच वर्षे जातात. पंधरा वर्षांत गेलेली संख्या भरून यायला किती पिढ्या लागतील याचा हिशेब वाचकांनी करावा. घरटी होतात ती उंच, जुन्या झाडांवर, आणि विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. नेमक्या त्याच सहा महिन्यांत त्या झाडांची, त्या घरट्यांची राखण ज्यांनी करावी, मेलेले ढोर कोणत्या औषधाने मेले हे ज्यांनी सांगावे, ते पुष्कळसे हात निफाडच्या मांडवाखाली असतात. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, तेव्हा त्यात बंधारे आणि रस्ते होते. घरट्यांची राखण आणि पाखरांची मोजणी हेही काम धरावे, त्याचा हजेरीपट ठेवावा आणि पुरा रोज लावावा, अशी आमची मागणी आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, गावातल्या गावात.